घरच्या स्टोव्हची राख आणि राखेचा व्हॅक्यूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाडचा पारा एक आकडी झाला की आमच्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. मी नाशिकच्या आसपास, गंगापूर धरणाच्या बाजूला, त्र्यंबक रस्त्याला आणि इगतपुरीकडे घरांमध्ये लाकडाचे स्टोव्ह बसवतो आणि त्यांची निगा राखतो. स्टोव्ह पेटवायला लोक दोन दिवसांत शिकतात. राख काढायची वेळ आली की अडखळतात, आणि खरा धोका तिथंच असतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एखादं उत्तर आधी येऊन गेलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राखेचा व्हॅक्यूम म्हणजे नक्की काय? घरच्या व्हॅक्यूमपेक्षा वेगळा कसा?

पत्र्याचा डबा, त्यावर मोटर बसवलेलं झाकण आणि बाजूला धातूची नळी, असं त्याचं रूप. डबा साधारण १५ ते २० लिटरचा आणि मोटर बहुतेक ६०० ते १,५०० वॅटची असते. साध्या व्हॅक्यूममध्ये कागदाची किंवा कापडाची पिशवी आणि प्लॅस्टिकची नळी असते. इथं पिशवी नसते. राख थेट पत्र्याच्या डब्यात पडते आणि हवा चुण्या पाडलेल्या फिल्टरमधून गाळली जाऊन बाहेर पडते. हा फिल्टर सहजी पेट न घेणाऱ्या कापडाचा किंवा कागदाचा असतो, काही मॉडेलांत त्याच्यावर धातूची जाळीही असते. एवढं सगळं असलं तरी हे यंत्र गार राखेसाठीच बनवलेलं आहे. पत्रा आणि जाळी ही चुकून राहिलेल्या ऊबेसाठीची काळजी आहे, निखारे ओढायची मुभा नाही.

२. घरात चांगला व्हॅक्यूम क्लीनर आहे. तोच वापरला तर काय बिघडेल?

दोन गोष्टी बिघडतील. पहिली आगीची. राखेत लपलेला हरभऱ्याएवढा निखारा पिशवीतल्या कागद, केस आणि धूळ यांच्यावर जाऊन पडतो आणि वर त्याला सतत वारा मिळतो. आपण फुंकणीनं चूल पेटवतो, तेच काम इथं मोटर करते. दुसरी गोष्ट राखेच्या बारीकपणाची. लाकडाच्या राखेत गव्हाच्या पिठापेक्षाही बारीक कण असतात. साध्या पिशवीतून ती आरपार जाते, मागच्या जाळीतून घरभर उडते आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते. राख थंड असली तरी हा दुसरा त्रास चुकत नाही. पाणी ओढणारे मोठे ओले-सुके व्हॅक्यूमही याला अपवाद नाहीत, कारण त्यांची टाकी बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते.

३. आमच्याकडे स्टोव्ह नाही, न्हाणीघरात तांब्याचा बंब आणि मागच्या दारी चूल आहे. व्हॅक्यूम घ्यावा का?

माझं प्रामाणिक मत: नको. चुलीची राख खोरणं, सुपली आणि पत्र्याच्या बादलीनं छान निघते. बंबाच्या खालची राख तर एका ओढीत बाहेर येते. व्हॅक्यूमचा खरा उपयोग बंद स्टोव्हमध्ये आहे, जिथं भट्टीच्या विटांच्या फटीत, जाळीच्या खाली आणि कोपऱ्यात झाडू पोचत नाही. पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळणारा, स्टोव्ह असेल तर व्हॅक्यूम जवळजवळ लागतोच. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल आणि चूल आतल्या खोलीत असेल, तर मात्र चुलीसाठीही विचार करायला हरकत नाही. त्याबद्दल प्रश्न २१ पाहा.

४. राख गार झाली हे कसं ओळखायचं? किती तास थांबू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तीही याच्याच उत्तराची. शेवटचं लाकूड टाकल्यापासून निदान तीन पूर्ण दिवस थांबा. राखेचा थर जाड असेल तर चार दिवस.

इतकं कशाला, असं वाटतं खरं. पण राख ही उत्तम उष्णतारोधक आहे. आपल्या आज्या रात्री चुलीतले इंगळ राखेखाली झाकून ठेवायच्या आणि सकाळी त्यावरच चूल पेटवायच्या, काडेपेटीची काडी वाचायची. राख निखाऱ्याला हवा मिळू देत नाही म्हणून तो जळून संपत नाही, आणि त्याची ऊबही बाहेर जाऊ देत नाही. वरून हात ठेवला तर पांढरी, मऊ, थंडगार राख लागते. चार बोटं खाली लाल इंगळ जिवंत असतो. बंद स्टोव्हमध्ये हवेची झडप लावलेली असते, म्हणजे तो आणखी टिकतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी गिरणाऱ्याजवळच्या एका घरात मी स्वतः ही चूक केली. शनिवारी रात्री शेवटचं बाभळीचं लाकूड पडलं होतं आणि सोमवारी सकाळी मी नळी लावली. हात फिरवून पाहिलं होतं, गार लागलं होतं. पाचेक मिनिटांत जळक्या कापडाचा वास आला. डबा बाहेर अंगणात नेला आणि दुसऱ्या दिवशी उघडला, तेव्हा फिल्टरला रुपयाएवढं भोक पडलेलं होतं. तो डबा पत्र्याचा होता आणि मी शेजारी उभा होतो म्हणून तेवढ्यावर भागलं.

तीन दिवस झाल्यावरही सरळ नळी लावू नका. आधी लोखंडी सळईनं किंवा खोरण्यानं राख तळापासून ढवळा आणि खोली अंधारी करून पाहा. लाल ठिपका दिसला, ऊब जाणवली किंवा धुराचा वास आला, तर पुन्हा झडप लावा आणि आणखी एक दिवस जाऊ द्या. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत राखेचं तापमान ४० किंवा ५० अंश सेल्सिअसच्या आत हवं असं लिहिलेलं असतं. तुमच्या यंत्राचा आकडा बघून ठेवा.

५. करोनाच्या वेळचा कपाळावर धरायचा थर्मामीटर घरात पडून आहे. तो चालेल का?

नाही. तो माणसाच्या अंगाच्या तापासाठी आहे, साधारण ३२ ते ४३ अंशांच्या पलीकडं तो मोजतच नाही. हार्डवेअरच्या दुकानात कामाची तापमानाची बंदूक मिळते, ती शेकडो अंशांपर्यंत मोजते. पण तीही फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, आतल्या इंगळाचं नाही. म्हणून राख ढवळून, पसरून मगच मोजा. आणि आकडा कमी आला म्हणून तीन दिवसांचे दोन दिवस करू नका.

६. थंडीत स्टोव्ह रोज पेटतो. मग तीन दिवस थांबणार तरी कसं?

मग रोज व्हॅक्यूम वापरायचाच नाही. सकाळी लोखंडी पंज्यानं राख जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पाडा, ट्रे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामा करा आणि तो डबा घराबाहेर, फरशीवर किंवा मातीवर ठेवा. लाकडी डेकवर, गवतावर, गाडीच्या शेजारी किंवा भिंतीला टेकलेल्या सरपणापाशी नको. घरातही नको, कारण धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि बंद खोलीत त्याचा वासही येत नाही. व्हॅक्यूम काढायचा तो आठवड्या-पंधरवड्यानं, जेव्हा स्टोव्हला सुट्टी मिळते. शनिवार-रविवारीच फार्महाऊसवर जात असाल तर सोपं आहे: आल्या आल्या आधी राख काढा, मग पेटवा. जाताना काढू नका.

७. सगळी राख काढून स्टोव्ह लख्ख करायचा का?

लाकडाच्या स्टोव्हमध्ये नाही. तळाला बोटाच्या दोन पेरांएवढा थर राहू द्या. त्या गादीवर निखारे टिकतात, लाकूड लवकर पेटतं आणि तळाच्या पत्र्यावर थेट जाळ लागत नाही. पूर्ण रिकामा करायचा तो हंगाम संपल्यावर, होळीच्या आसपास.

पेलेट स्टोव्हचं उलटं आहे. त्याच्या जळणाच्या वाटीची भोकं राखेनं बुजली तर हवा कमी पडते, ज्योत पिवळी-आळशी होते आणि काच काळी पडते. ती वाटी नेहमी मोकळी हवी, बाकीची भट्टी आठवड्यातून एकदा.

८. प्रत्यक्ष काढायची पद्धत सांगा, पहिल्यांदाच करतोय.

आधी स्टोव्हसमोर जुनी सतरंजी नको, पत्रा किंवा ओलं पोतं पसरा. जवळची खिडकी उघडा, पण पंखा बंद ठेवा. राखेतले मोठे कोळसे, खिळे, तारा चिमट्यानं उचलून घ्या. व्हॅक्यूमच्या डब्यात आधीची राख नाही आणि फिल्टर नीट बसलाय हे बघा. मग नळीचं टोक राखेत खुपसू नका. थराच्या जरा वर, बोटभर अंतरावर धरा आणि राख आपोआप आत येऊ द्या. खुपसलं की नळीत गोळा बसतो आणि फिल्टर दोन मिनिटांत भरतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी डब्याला बाहेरून हात लावून पाहा. संपल्यावर मोटर आणखी अर्धा मिनिट चालू ठेवा, म्हणजे नळीतली राख डब्यात उतरते. दार उघडं असताना सगळ्यात शेवटी दाराच्या कडेची दोरी, म्हणजे गॅस्केट, मऊ ब्रशनं पुसा. तिच्यावर व्हॅक्यूमचं टोक रगडलं तर ती उसवते.

९. सुरुवातीला छान ओढतो, पाच मिनिटांत ओढ संपते. मोटर गेली का?

बहुतेक वेळा मोटर ठीक असते, फिल्टर भरलेला असतो. आवाज ओळखा: हवा अडली की मोटरचा आवाज बारीक आणि चढा होतो, कारण तिला ओढायला हवाच नसते. तेव्हा यंत्र बंद करून फिल्टर झटका (प्रश्न १०). काही यंत्रांना वर दट्ट्या किंवा मुठीचा खटका असतो, तो तीन-चारदा दाबला की फिल्टरवरची राख खाली पडते. तरीही ओढ आली नाही तर नळी काढून दिव्याकडे धरा आणि आरपार दिसतंय का बघा. तीही मोकळी असेल तर डबा आणि झाकण यांच्यातली रबरी रिंग तपासा. चिरलेल्या रिंगेतून हवा बाहेरून आत येते आणि नळीला ओढ उरत नाही. आवाज उलट जाड, घरघरता असेल आणि जळक्या तारेचा वास येत असेल, तर ती मोटरची तक्रार आहे.

१०. फिल्टर कसा साफ करायचा? पाण्यानं धुवायचा का?

धुण्याच्या आधी पुस्तिका बघा. कागदी फिल्टर एकदा भिजला की गेला. धुता येणारा कापडी फिल्टर असेल तरीही धुणं हा शेवटचा उपाय ठेवा, कारण राख आणि पाणी एकत्र आलं की चुण्यांच्या तळाशी सिमेंटसारखा लेप बसतो.

रोजची पद्धत कोरडी आहे. घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडावर मास्क बांधून फिल्टर पत्र्याच्या बादलीच्या काठावर हलकेच आपटा. मग मऊ रंगाच्या ब्रशनं चुणीच्या दिशेनं, वरून खाली झाडा. आडवा ब्रश मारू नका, तार लावू नका. गॅरेजवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारायची असेल तर कमी दाबानं, हातभर अंतरावरून आणि आतून बाहेर. बाहेरून मारली तर राख कापडात आणखी खोल रुतते. जवळून जोरात मारली तर कापडाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात.

धुतलाच तर गार पाण्यानं, साबणाशिवाय, आणि सावलीत किमान एक पूर्ण दिवस वाळवा. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीला दोन दिवसही पुरत नाहीत. ओलसर फिल्टर बसवून यंत्र चालवलं तर पहिल्याच वापरात तो कायमचा बुजतो.

११. फिल्टर कधी बदलायचा? नाशिकमध्ये मिळतो का?

झटकूनही ओढ परतत नसेल, चुण्या चपट्या झाल्या असतील, कडेचं रबर सुटलं असेल किंवा मागच्या जाळीसमोर धरलेल्या काळ्या कापडावर पांढरट भुकटी जमत असेल, तर बदला. स्टोव्ह रोज पेटत असेल तर एका हंगामात एक फिल्टर लागतो असं धरून चाला. 'हेपा' म्हणून विकला जाणारा प्रत्येक फिल्टर राखेसाठी नसतो. हेपा हा बारीक कण अडवण्याचा दर्जा आहे, आगीला टिकण्याचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही गुण हवेत. दुकानात अचूक फिल्टर बहुधा मागवावा लागतो, म्हणून दिवाळीच्या आधीच एक जादा घेऊन ठेवा. डब्याची रबरी रिंग मात्र माप दिलं तर अंबड-सातपूरकडचे ऑइल सील आणि गॅस्केटवाले काढून देतात. तापाला टिकणारी सिलिकॉनची मागा.

१२. डबा भरला की रिकामा करतो, चालेल ना?

भरेपर्यंत थांबू नका. प्रत्येक वापरानंतर लगेच, घराबाहेर, पत्र्याच्या बादलीत रिकामा करा. थांबलेल्या डब्यात एखादा चुकार निखारा राहिला तर तो कपाटात, जिन्याखाली, रात्री जागा होतो. दुसरं कारण ओलाव्याचं आहे, ते पुढच्या उत्तरात.

१३. पावसाळाभर यंत्र पडून असतं. कसं ठेवू?

राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि ओली राख चुन्यासारखी क्षारीय असते, सामू (पीएच) दहाच्या पुढं. पत्र्याला ती अक्षरशः खाते. जूनमध्ये राख भरलेला डबा तसाच ठेवून ऑक्टोबरमध्ये उघडल्यावर तळाला चाळणी झालेली मी एकाहून जास्त घरांत पाहिली आहे. म्हणून पहिल्या पावसाआधी डबा पूर्ण रिकामा करा, कोरड्या फडक्यानं पुसा, आतून खोबरेल नव्हे तर मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि तो पूर्ण टिपून घ्या. फिल्टर काढून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, फट राहू द्या. नळी लटकवून ठेवा, दुमडून नको. थंडीत पहिल्यांदा वापरण्याआधी तेलाचा अंशही उरला नाही हे बघा.

स्टोव्हलाही हेच लागू आहे. हंगाम संपल्यावर आत राहिलेली राख पावसाळ्यात त्याचा तळ गंजवते.

१४. साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर चालेल का? आणि हात लावला की झटका का बसतो?

वॅटला २३० नं भागा. १,२०० वॅटचं यंत्र सव्वापाच अँपिअरच्या आसपास घेतं, सहाच्या प्लगवर काठावर चालतं. १,५०० वॅटचं साडेसहा घेतं, त्याला सोळाचा पॉइंटच हवा. पातळ वायरीचे एक्स्टेन्शन बोर्ड नकोत, वायर तापते.

झटका दोन प्रकारचा असतो. डिसेंबरच्या कोरड्या हवेत नळीतून राख घासत गेली की स्थिर वीज साठते आणि एकदा चटका बसतो, चटक् आवाज होतो आणि संपतं. तो त्रासदायक आहे, घातक नाही. पण हात ठेवला की सतत मुंग्या येत असतील, तर यंत्रात वीज उतरते आहे. प्लग काढा आणि वायरमनला दाखवा. दोन्ही प्रकारांत आधी अर्थिंग तपासून घ्या. शेतातल्या घरांमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो, पण त्याची अर्थची वायर कुठं जोडलेलीच नसते, असं अनेकदा आढळतं.

१५. चालू असताना जळका वास आला किंवा डबा गरम लागला तर काय करायचं?

बंद करा, प्लग काढा, मुठीला धरून उघड्यावर न्या, दगड-मातीवर ठेवा. झाकण उघडू नका. उघडलं की आतल्या निखाऱ्याला हवा मिळते आणि भडका तोंडावर येऊ शकतो. पाणीही ओतू नका. एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. डबा उचलण्याच्या पलीकडं गरम असेल किंवा धूर येत असेल, तर घरातली माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. नंतर फिल्टर वरून चांगला दिसला तरी तो टाकून द्या.

१६. त्याच व्हॅक्यूमनं धुराडंही साफ करू का?

नाही. धुराड्यातली काजळी म्हणजे राख नव्हे. राख जळून संपलेली असते, काजळी न जळलेलं इंधन असते. ती पेट घेते, तेलकट असते आणि फिल्टरच्या चुण्या कायमच्या काळ्या करते. ओलं लाकूड जाळलं की डांबरासारखा चिकट थर बसतो, तो तर व्हॅक्यूमला निघतच नाही. धुराड्याला तारेचा गोल ब्रश आणि जोडीला सवय असलेला माणूस लागतो, वर्षातून एकदा, थंडीच्या आधी. ब्रश मारल्यावर खाली पडलेला ढीग सुपलीनं भरा.

१७. आम्ही द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळतो. राखेत काही वेगळं असतं का?

असतं, आणि नाशिक सोडून हा प्रश्न फारसा कुठं कुणी विचारत नसेल. एक, काड्यांबरोबर सुतळी, प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि तारेचे तुकडे येतात. तारेचं टोक नळीतून जाताना फिल्टर फाडतं. काड्या भरतानाच हे वेचून काढा, राखेतून चिमटा फिरवा. प्लॅस्टिक तर जाळूच नका. दोन, बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, मारलेलं असतं. मोरचुदातलं तांबं जळून जात नाही, राखेत उरतं. ही राख भाजीच्या वाफ्यात, गोठ्यात किंवा भांडी घासायला वापरू नका. आणि ताज्या छाटलेल्या काड्या निदान एक उन्हाळा वाळू द्या, ओल्या काड्यांनी धुराडं भरतं.

पेट्या आणि माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांचंही तेच: खिळे. व्हॅक्यूमच्या आधी राखेत लोहचुंबक फिरवून घ्या. जुन्या स्पीकरचं चुंबक पुरतं. रंगवलेली किंवा औषध मारलेली फळी मात्र स्टोव्हमध्ये घालूच नका.

१८. गोवऱ्या किंवा तुसाच्या पेलेट वापरल्या तर व्हॅक्यूम लवकर भरतो. असं का?

चांगल्या वाळलेल्या लाकडाची राख वजनाच्या एखाद-दुसऱ्या टक्क्याएवढीच असते. भाताच्या तुसाची वीस टक्क्यांच्या आसपास असते आणि गोवरीचीही त्याच तोडीची. दहा किलो लाकडाला ओंजळभर राख, दहा किलो गोवऱ्यांना बादलीभर. शिवाय ती फार हलकी असते आणि फिल्टरवर लगेच चढते. पेलेट घेताना ती लाकडाच्या भुशाची आहे की शेतातल्या काडीकचऱ्याची, हे विचारा. तुसाची असेल तर आधी सुपलीनं बहुतांश राख काढा आणि व्हॅक्यूम फक्त शेवटच्या हाताला ठेवा.

१९. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, तंदूर?

लाकडी कोळशाच्या राखेला चालतं, पण थांबायचा नियम (प्रश्न ४) तिथं आणखी कडक पाळा, कारण कोळशाचा तुकडा आतून फार वेळ जिवंत राहतो. मांस भाजलेल्या बार्बेक्यूत चरबी गळलेली असते, ती राख नको. दगडी कोळशाची राख बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत वर्ज्य असते. तंदूर खोल असतो, तळ दिसत नाही, म्हणून तिथं मी नाहीच म्हणतो.

२०. होमकुंडातली राख? आणि होळीची?

दोन्हीला नको. नाशिकमध्ये घरोघरी शांती-होम होतात, त्यामुळे हा प्रश्न दर महिन्याला येतो. आहुतीचं तूप पूर्ण जळत नाही. ते राखेत आणि अर्धवट जळलेल्या समिधांत मुरलेलं असतं. ती राख फिल्टरला चिकटते आणि तूप पेट घेतं. शिवाय पुष्कळांच्या मनात त्या रक्षेबद्दल भाव असतो, ती यंत्रानं ओढून कचऱ्यात जावी असं त्यांनाही वाटत नाही. पळीनं उचला, डबीत भरा. होळीची जागा मातीची असते, राखेत खडे, नारळाच्या करवंट्या, खिळे असतात, आणि मोठ्या ओंडक्याचं बूड कित्येक दिवस धुमसत राहतं. फावडं आणि पाणी हेच तिथं योग्य.

२१. घरात सासऱ्यांना दमा आहे. राख काढताना काय काळजी घेऊ?

त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर बसवा आणि काम झाल्यावर तासभर खिडक्या उघड्या ठेवा. चांगला राखेचा व्हॅक्यूम झाडूपेक्षा धूळ खूप कमी उडवतो, पण सगळी राख उडते ती डबा ओतताना. म्हणून ते काम नेहमी घराबाहेर. बादलीच्या तोंडावर ओलं पोतं टाकून त्याखाली डबा हळू उपडा करा. काढणाऱ्यानं कापडी रुमाल बांधू नये, एन ९५ मास्क लावावा. हातमोजे घाला, कारण घामट हातावर राख चुन्यासारखी चरचरते. डोळ्यांत गेली तर चोळू नका, वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

२२. बंबाचा नळ गळतो, राख ओली होते. ओली राख ओढली तर?

ओढू नका. फिल्टरवर चिखल बसतो आणि नळीत गाळ वाळून दगड होतो. खोरण्यानं काढा, उन्हात पसरून वाळवा. आणि नळ दुरुस्त करून घ्या, भांडी बाजाराच्या बाजूला बंबाचं झाळण करणारे कारागीर अजून मिळतात.

२३. काढलेल्या राखेचं काय करू? शेतात टाकू का?

जमीन कुठली आहे ते आधी सांगा. लाकडाच्या राखेत मुख्यतः चुनखडी असते, थोडं पालाश, जरासं स्फुरद. नत्र जळून गेलेलं असतं. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच साडेसात-आठच्या पुढं असतो. तिथं राख टाकली की तो आणखी चढतो आणि लोह, जस्त पिकाला मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात. काळ्या जमिनीला राख खत म्हणून देऊ नका. त्र्यंबक, पेठ, इगतपुरीच्या तांबड्या, जोरदार पावसाच्या, आंबट जमिनीत मात्र तिचा उपयोग आहे. तिथले शेतकरी भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, तिथं राखेची सवय जुनीच आहे. युरिया किंवा अमोनियम सल्फेटबरोबर एकाच वेळी मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

कंपोस्टच्या ढिगात मूठभर पातळ पसरलेली चालते. निव्वळ लाकडाची, चाळलेली राख भांडी घासायलाही उत्तम, पण अ‍ॅल्युमिनियमला नको, काळं पडतं. गोदावरीत किंवा नाल्यात टाकू नका.

२४. घंटागाडीत दिली तर चालेल?

पूर्ण गार, आठवडाभर झाकणाच्या डब्यात राहिलेली राख पिशवीत घट्ट बांधून, सुक्या कचऱ्यात न मिसळता, कामगारांना सांगून द्या. कालची राख कधीही देऊ नका. गाडीत कागद आणि प्लॅस्टिक असतं आणि मागं उभी असलेली माणसं आपल्यासारखीच घरी जाणारी असतात. शंका असेल तर त्या राखेवर बाहेर अंगणात पाणी ओता, ढवळा, मग द्या. ओतताना पहिला तांब्या लांबूनच, वाफ येते.

२५. घरात पीओपीचं काम झालंय. ती धूळ याच व्हॅक्यूमनं ओढली तर?

पीओपी, सिमेंट, टाइल कापल्याची भुकटी यांनी फिल्टर कायमचा बुजतो. प्रिंटरचा टोनर, लाकडाचा भुसा आणि पीठ तर आणखी वाईट, त्यांच्या हवेत उडालेल्या धुळीला ठिणगी लागली तर ती एकदम पेटते. भुसा ओढलेल्या डब्यात नंतर राख ओढणं म्हणजे सरपण रचून काडी लावणं. हे यंत्र फक्त राखेचं ठेवा.

२६. जुना व्हॅक्यूम कुणी विकतंय. घेताना काय बघू?

झाकण उघडून फिल्टर उजेडाकडे धरा आणि भोकं शोधा. डब्याच्या तळाला आतून बोट फिरवा, गंजाचे पापुद्रे निघाले तर नको. रबरी रिंग वाकवून पाहा, तडे गेलेत का. नळी आतून धातूची आहे का, की फक्त बाहेरून चमकती आहे, हे टोकाशी बघा. मोटर चालू करून मागच्या फटींतून आत पाहा: कार्बन ब्रशपाशी बारीक निळसर ठिणगी असतेच, पण मोठी नारिंगी ठिणगी गोल फिरत असेल तर ब्रश किंवा आर्मेचर संपलंय. ब्रश स्वस्तात बदलता येतात, आर्मेचरला मोटर वाइंडिंगवाल्याकडे जावं लागतं आणि तेवढ्या पैशांत पुष्कळदा नवीन मोटर येते. शेवटी विकणाऱ्याला विचारा, यात राखेशिवाय काय ओढलंय. उत्तर द्यायला तो अडखळला तर फिल्टरचे पैसे किमतीतून वजा करा आणि घरी नेल्यावर डबा आधी रिकामा करून पुसून घ्या.